अठ्ठावीस पैकी अठ्ठावीस, तरी दार बंद : ग्रेट वेस्ट कॉन्फरन्सची नऊ वर्षं

नमस्कार मंडळी.

2012 साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात, ओरेम नावाच्या गावातल्या यूटा व्हॅली युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल संघाने आपल्या कॉन्फरन्समधले 28 पैकी 28 सामने जिंकले. त्याच हंगामात त्यांनी ओळीने 32 सामने जिंकले होते. मे महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय स्पर्धेची 64 संघांची यादी लागली, तेव्हा त्यात त्यांचं नाव नव्हतं. ना कुणाच्या अपात्रतेचा प्रश्न होता, ना कुठला दंड. नियमाप्रमाणेच सगळं झालं होतं. तो नियम काय होता आणि त्यापायी एक अख्खी कॉन्फरन्स नऊ वर्षांत कशी आटोपली, हा आजचा विषय. कॉन्फरन्सचं नाव ग्रेट वेस्ट. 2004 साली ती फक्त अमेरिकन फुटबॉलसाठी निघाली, 2008 साली इतर खेळांसाठी वाढवली गेली आणि 2013च्या जूनअखेर संपली.

आधी कॉन्फरन्स म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्या डोळ्यांसमोर वेगळी रचना असते. आपल्याकडे भारतीय विद्यापीठ संघाने देशाचे विभाग पाडून दिलेले आहेत. पुणे विद्यापीठ पश्चिम विभागात, हे पुणे विद्यापीठाने ठरवायचं नसतं. विभागात वरचे नंबर काढले की अखिल भारतीय स्पर्धेत जायचं. अमेरिकेत विभाग कुणी पाडून देत नाही. आठ-दहा कॉलेजं आपसात करार करतात, कार्यालय थाटतात, आयुक्त नेमतात, वर्गणी काढतात आणि एकमेकांशी दरवर्षी खेळायचं ठरवतात. ही झाली कॉन्फरन्स. वर एनसीएए ही राष्ट्रीय संस्था असते. ती कॉलेजांना तीन श्रेणींत बसवते (पहिली सर्वांत वरची), स्पर्धा भरवते, पात्रतेचे नियम करते, पण कुणी कुठल्या कॉन्फरन्समध्ये जायचं हे सांगत नाही. त्यामुळे जागा मिळवणं, टिकवणं आणि जास्त चांगली मिळाली की जुनी सोडणं हा तिथल्या क्रीडा संचालकांचा बारमाही उद्योग असतो.

कॉन्फरन्समधून मिळतं काय? मुख्य गोष्ट थेट प्रवेश. मान्यताप्राप्त कॉन्फरन्सचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप जातो, मग त्याची एकूण कामगिरी कशीही असो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. त्यांना ॲट-लार्ज जागा म्हणतात, आणि त्या बहुतेक करून मोठ्या घरच्या मुलांना जातात. छोट्या कॉलेजाला राष्ट्रीय स्पर्धेचं तोंड पाहायचं असेल तर थेट प्रवेश हाच रस्ता. पैसाही तिथूनच येतो. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेत कॉन्फरन्सचा संघ (अंतिम सामना सोडून) जेवढे सामने खेळेल तेवढी युनिट्स त्या कॉन्फरन्सच्या खात्यावर जमा होतात. 2010च्या सुमारास एका युनिटचे वर्षाला दोन लाख डॉलरहून जास्त मिळत आणि ते सहा वर्षं मिळत राहत. म्हणजे विजेता पहिल्याच सामन्यात हरून घरी आला तरी कॉन्फरन्सला सहा वर्षांत बारा लाखांच्या वर डॉलर. मोठ्या कॉन्फरन्सला ही चिल्लर वाटेल. सात छोट्या कॉलेजांमध्ये वाटली तर त्यातून प्रवासखर्चाचा बराच भाग निघतो.

आता मेख अशी की थेट प्रवेश नव्या कॉन्फरन्सला लगेच मिळत नाही. बास्केटबॉलसाठी किमान सात पूर्ण सदस्य लागतात आणि ते काही वर्षं एकत्र खेळलेले असावे लागतात. फुटबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एफसीएस या पायरीवर (पहिल्या श्रेणीतलीच, पण एफबीएस या वरच्या पायरीच्या खालची), सहा पात्र संघ लागतात. हेतू उघड आहे. चार कॉलेजांनी रातोरात एकत्र येऊन स्पर्धेची जागा आणि पैसा लाटू नये. पण याचा दुसरा अर्थ असा, की थेट प्रवेश मिळेपर्यंतची वर्षं सदस्यांनी कशाच्या आधारावर एकत्र राहायचं? सगळे मिळून थांबले तरच सगळ्यांना फळ, आणि मध्येच एक जण जरी उठला तरी सदस्यसंख्या खाली येऊन बाकीच्यांची वाट पाहणं फुकट. शिवाय ज्याला बाहेर संधी आहे तोच आधी उठणार, कारण तोच सर्वांत चांगला संघ असणार. ग्रेट वेस्टचा सगळा इतिहास या एका गणिताचा आहे.

सुरुवात फुटबॉलपासून करतो, कारण मुळात गरज तिथे होती. कॅलिफोर्नियातली कॅल पॉली आणि यूसी डेव्हिस. कॅल पॉलीचे बाकीचे खेळ बिग वेस्ट कॉन्फरन्समध्ये होते, डेव्हिस दुसऱ्या श्रेणीतून वर चढत होतं आणि पुढे बिग वेस्टमध्येच गेलं. पण बिग वेस्टने 2000च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला होता. यूटातल्या सदर्न यूटाचे बाकीचे खेळ मिड-कॉन्टिनेंट कॉन्फरन्समध्ये, तिथेही फुटबॉल नाही. कॅल पॉली आणि सदर्न यूटा यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकन वेस्ट नावाची अशीच एक कॉन्फरन्स अनुभवली होती. ती तर जेमतेम तीन वर्षं टिकली. म्हणजे या मंडळींना काय होऊ शकतं ते ठाऊक होतं.

दुसरीकडे उत्तरेच्या मैदानी भागात नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स होती. 1922 सालची, दुसऱ्या श्रेणीतली भारदस्त कॉन्फरन्स. तिथून आधी नॉर्दर्न कोलोरॅडो आणि मग 2004 साली नॉर्थ डकोटा स्टेट आणि साउथ डकोटा स्टेट पहिल्या श्रेणीत जायला निघाले. त्यांना कुणी दारात उभं करेना. या तिघांची आणि पश्चिमेकडच्या तिघांची गाठ पडली आणि सहा संघांची ग्रेट वेस्ट फुटबॉल कॉन्फरन्स तयार झाली.

श्रेणी बदलणं म्हणजे नुसता अर्ज करणं नव्हे. दुसऱ्या श्रेणीत फुटबॉलला जास्तीत जास्त 36 शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता येते. एफसीएसमध्ये तेव्हा 63. आणि ही संख्या नुसती कमाल मर्यादा नव्हती. मोठ्या एफबीएस श्रेणीतल्या संघाला एफसीएस संघावरचा विजय आपल्या हिशेबात धरायचा असेल, तर त्या एफसीएस संघाने मर्यादेच्या 90 टक्के, म्हणजे 57च्या आसपास शिष्यवृत्त्या दिलेल्या असाव्या लागत. मोठा संघ आपल्या मैदानावर छोट्याला बोलावतो, हरवतो आणि त्याबद्दल काही लाख डॉलर मोजतो. या सामन्यांना तिथे गॅरंटी गेम म्हणतात. छोट्या कॉलेजाचं क्रीडा अंदाजपत्रक त्यावर चालतं. म्हणजे गॅरंटीचा पैसा हवा तर आधी 57 शिष्यवृत्त्यांचा पैसा उभा करा. महिला खेळाडूंना समान संधी देण्याचा टायटल नाइन कायदा आहे, त्यामुळे तेवढ्याच प्रमाणात महिलांच्या खेळांवरचा खर्चही वाढवा. हे सगळं करत असताना, तेव्हाच्या चार-पाच वर्षांच्या संक्रमणकाळात राष्ट्रीय स्पर्धेला तुम्ही अपात्र.

आता सहा संघांचं वेळापत्रक मांडून पाहा. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळलं की पाच सामने. एफसीएसचा हंगाम तेव्हा साधारण 11 सामन्यांचा. उरलेले सहा बाहेर शोधायचे. 2006 साली नॉर्दर्न कोलोरॅडो बिग स्काय कॉन्फरन्समध्ये गेलं आणि संघ उरले पाच. आता कॉन्फरन्सचे सामने चार, बाहेरचे सात. आणि बाहेरचे सामने सप्टेंबरात मिळतात. ऑक्टोबर उजाडला की सगळ्या कॉन्फरन्सेस आपापली दारं लावून आत खेळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो संघ मोकळा असेल त्याच्याशी, जिथे असेल तिथे जाऊन खेळावं लागतं. 2008 साली नोव्हेंबरच्या 22 तारखेला कॅल पॉलीचा संघ विस्कॉन्सिनशी खेळायला मॅडिसनला गेला, तो यामुळेच. बिग टेन कॉन्फरन्समधल्या बलाढ्य संघाशी नोव्हेंबरअखेर एफसीएस संघाची गाठ सहसा पडत नाही. त्या सामन्यात कॅल पॉलीने जवळजवळ इतिहास घडवला होता. टचडाउन करून गुण मिळवल्यावर मिळणारी एका गुणाची जादा किक ही फुटबॉलमधली सर्वांत सोपी किक. कॅल पॉलीच्या त्या दिवशी अशा तीन चुकल्या, त्यातली शेवटची जादा वेळेत. निकाल 36–35, विस्कॉन्सिन विजयी.

खेळाचा दर्जा कमी होता असं मात्र कुणी समजू नये. 2005च्या सप्टेंबरात यूसी डेव्हिसने स्टॅनफर्डला त्यांच्याच घरी 20–17 असं हरवलं. त्याच वर्षी कॅल पॉलीला ॲट-लार्ज जागा मिळाली आणि त्यांनी पहिल्या फेरीत मोंटानाला मिझुला या त्यांच्या गावी जाऊन हरवलं. मोंटानाच्या मैदानावर जिंकून येणं किती कठीण हे एफसीएस पाहणाऱ्यांना सांगायला नको. 2007 साली नॉर्थ डकोटा स्टेटने मिनेसोटाला 27–21 हरवलं.

त्या 2007च्या हंगामाचा शेवटचा सामना जरा जवळून बघण्यासारखा आहे. 17 नोव्हेंबर, गाव ब्रुकिंग्ज, साउथ डकोटा. पाहुणा संघ नॉर्थ डकोटा स्टेट, 10 पैकी 10 जिंकून आलेला. यजमान साउथ डकोटा स्टेट. दोन्ही कॉलेजं एकमेकांपासून मोटारीने तीन तासांवर, दोन्ही जमीन-अनुदानातून उभी राहिलेली शेतकी कॉलेजं, दोघांमधली चुरस शंभर वर्षांची. जो जिंकेल तो ग्रेट वेस्टचा विजेता. साउथ डकोटा स्टेटने 29–24 असा सामना घेतला. आणि मग? मग काहीच नाही. दोन्ही संघ संक्रमणकाळात असल्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेला दोघेही अपात्र. कॉन्फरन्सला थेट प्रवेश नव्हताच, पण असता तरी विजेत्याला तो वापरता आला नसता. पुढच्या हंगामात दोघांचीही पात्रता सुरू होणार होती आणि नेमके त्याच वेळी दोघेही ग्रेट वेस्ट सोडून मिसुरी व्हॅली फुटबॉल कॉन्फरन्समध्ये गेले. म्हणजे ग्रेट वेस्टने संक्रमणाची चार वर्षं सांभाळली आणि पीक दुसऱ्याने काढलं. ते पीक किती मोठं होतं? नॉर्थ डकोटा स्टेटने 2011 ते 2019 या नऊ हंगामांत आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. साउथ डकोटा स्टेटने 2022 आणि 2023ची.

त्यांच्या जागी 2008 साली आले नॉर्थ डकोटा विद्यापीठ आणि साउथ डकोटा विद्यापीठ. नावं सारखी आहेत, गोंधळ होतो, त्याला इलाज नाही. नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स त्याच वर्षी बंद पडली होती. हेही दोघे तिथलेच. फुटबॉलमध्ये पुन्हा पाच संघ झाले, आणि पुन्हा सहाचा आकडा गाठता आला नाही.

आता बाकीच्या खेळांकडे वळू, कारण ग्रेट वेस्टचं दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षाही चमत्कारिक आहे. 2008च्या जुलैमध्ये जाहीर झालं की ग्रेट वेस्ट आता बहुखेळी कॉन्फरन्स होणार. कार्यालय इलिनॉयमधल्या एल्महर्स्टला. पूर्ण सदस्य झाले सात. दोन्ही डकोटा विद्यापीठं, यूटा व्हॅली, शिकागो स्टेट, ह्यूस्टन बॅप्टिस्ट, टेक्सास–पॅन अमेरिकन आणि न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एनजेआयटी. एनजेआयटी आपल्याकडच्या इंजिनियर मुलांना चांगलंच माहीत आहे, एमएसला जाणाऱ्यांच्या यादीत ते असतंच. ते आहे न्यूअर्कला, अटलांटिक किनाऱ्यावर. कॉन्फरन्सचं नाव ग्रेट वेस्ट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

हे सात जण एकत्र का आले? कारण दुसरं कुणी घेत नव्हतं. टेक्सास–पॅन अमेरिकन मेक्सिकोच्या सीमेजवळच्या एडिनबर्ग गावात. सन बेल्ट कॉन्फरन्स 1998 साली सोडल्यापासून ते एकटं होतं. शिकागो स्टेटने 2006 साली मिड-कॉन्टिनेंट सोडली. यूटा व्हॅली मुळात दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारं कम्युनिटी कॉलेज, तिथून थेट पहिल्या श्रेणीत उडी घेतलेलं. ह्यूस्टन बॅप्टिस्ट ऐंशीच्या दशकात पहिल्या श्रेणीत होतं, मग एनएआयए या छोट्या संघटनेत उतरलं आणि पुन्हा वर यायला निघालं. आणि एनजेआयटीच्या बास्केटबॉल संघाने तर सलग 51 सामने हरण्याचा विक्रम केला होता. 2007–08 मध्ये 29 पैकी 29 पराभव. जानेवारी 2009 मध्ये ब्रायंटला 61–51 हरवून ती मालिका तुटली.

प्रश्न पडेल की थेट प्रवेश नाही, पैसा नाही, मग कॉन्फरन्स काढून मिळवलं काय? उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबर-डिसेंबरात एकट्या संघालाही सामने मिळतात, गॅरंटीचे तर हवे तेवढे. जानेवारी लागला की देशातले तीनशेहून अधिक संघ आपापल्या कॉन्फरन्सच्या वेळापत्रकात अडकतात. एकट्या संघापुढे तेव्हा तीनच वाटा असतात. पहिली, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांना बोलावणं, ज्यांच्यावरच्या विजयाला काही किंमत नसते. दुसरी, कुणाच्या वेळापत्रकात एखादा मोकळा मंगळवार असेल तर तिकडे धावणं. आणि तिसरी, दोन आठवडे रिकामं बसणं. याचा मोठा फटका खेळाडूंच्या भरतीत बसतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तुम्ही घरी बोलायला जाता, तेव्हा तो विचारतो की फेब्रुवारीत आपण कुणाशी खेळतो आणि मार्चमध्ये काय जिंकायचं असतं. एकट्या कॉलेजाकडे दोन्हीला उत्तर नसतं.

सात संघांनी प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक असं खेळलं की बारा सामने होतात. जानेवारी-फेब्रुवारी भरून निघतो. शेवटी आपली स्पर्धा. तिच्या विजेत्याला कॉलेजइन्सायडर स्पर्धेत जागा, असा करार झाला. ही सीआयटी 2009 मध्ये सुरू झालेली, छोट्या संघांसाठीची हंगामोत्तर स्पर्धा. एनसीएएच्या मानाने तिसऱ्या-चौथ्या पंक्तीची, पण मार्चमध्ये जिंकण्यासारखं काहीतरी आहे एवढं मुलाला सांगता येत होतं. ग्रेट वेस्टची पहिली स्पर्धा 2010 मध्ये साउथ डकोटाने जिंकली, पुढची दोन वर्षं नॉर्थ डकोटाने, आणि 2013ची शेवटची शिकागो स्टेटने. पहिल्या दोन स्पर्धा ओरेमला झाल्या, शेवटच्या दोन शिकागोला. देशाच्या मध्यावर, विमानांची सोय असलेलं शहर. त्यामागे दुसरं काही शहाणपण शोधायला नको.

प्रवासाबद्दल बोलायलाच हवं. एडिनबर्गपासून उत्तरेत ग्रँड फोर्क्सपर्यंत, म्हणजे नॉर्थ डकोटा विद्यापीठापर्यंत, सरळ रेषेत सुमारे 2,400 किलोमीटर. न्यूअर्क ते ओरेम सुमारे 3,200. कमी पैशांच्या कॉन्फरन्सेस सहसा बसने फिरतात. दोन कॉलेजं जवळजवळ असली की पाहुणा संघ गुरुवारी एकाकडे आणि शनिवारी दुसऱ्याकडे खेळून परत येतो. याला ट्रॅव्हल पार्टनर म्हणतात. सात सदस्यांत जोड्या लागायच्या म्हटलं तर दोन डकोटांची एक जोडी बरी लागत होती. दोन टेक्सासवाल्यांमध्येच पाचशे किलोमीटरच्या वर अंतर. बाकी तिघांना जोडीदारच नाही. न्यूअर्ककडे जाणारा प्रत्येक संघ एका सामन्यासाठी विमानाने जाणार आणि तसाच परत येणार. पंधरा-वीस तिकिटं, हॉटेलं, बुडालेले तास. आणि हेच महिलांच्या संघाचं, व्हॉलीबॉलचं, सॉफ्टबॉलचं. बास्केटबॉलसाठी केलेली भौगोलिक तडजोड सगळ्या खेळांच्या माथी बसते, ही कॉन्फरन्स काढणाऱ्यांची नेहमी होणारी चूक.

आता पुन्हा त्या 28 सामन्यांकडे येतो, कारण खरी यंत्रणा तिथे दिसते. बेसबॉलमध्ये ग्रेट वेस्टचे आठ संघ होते. साउथ डकोटाकडे बेसबॉल नव्हता, पण नॉर्दर्न कोलोरॅडो आणि न्यूयॉर्कचं एनवायआयटी हे दोघे फक्त बेसबॉलसाठी जोडले गेले होते. सात प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी चार सामन्यांची मालिका, म्हणून 28. निवड समितीच्या हातात तेव्हा आरपीआय नावाचा निर्देशांक असायचा. त्याचं सूत्र सोपं. तुमच्या विजयाच्या प्रमाणाला 25 टक्के वजन, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या प्रमाणाला 50 टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला 25 टक्के. म्हणजे तीन चतुर्थांश निर्देशांक तुमच्या हातातच नाही.

कागदावर उदाहरण मांडू. आकडे माझे, समजण्यापुरते. एक संघ सगळेच्या सगळे सामने जिंकतो. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचं विजयाचं प्रमाण 0.400 आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं 0.470. हिशेब येतो 0.250 अधिक 0.200 अधिक 0.1175, म्हणजे 0.5675. दुसरा संघ दहापैकी सहाच सामने जिंकतो, पण तगड्या कॉन्फरन्समध्ये. प्रतिस्पर्धी 0.560, त्यांचे प्रतिस्पर्धी 0.540. त्याचे येतात 0.150 अधिक 0.280 अधिक 0.135, म्हणजे 0.565. कधीच न हरलेला आणि दहात चार वेळा हरलेला, दोघे जवळजवळ एकाच पायरीवर. त्यात गंमत अशी की पहिला संघ कॉन्फरन्समधल्या प्रतिस्पर्ध्यांना हरवतो, तेव्हा कॉन्फरन्सचा एकूण भाव काही वर जात नाही. आपसातल्या प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो, सरासरी निम्म्यावरच अडते. कॉन्फरन्सचा भाव फक्त बाहेरच्या सामन्यांत ठरतो, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत. ग्रँड फोर्क्समध्ये मार्चमध्ये बर्फ असतो, त्यामुळे उत्तरेकडचे संघ ते आठवडे दक्षिणेत पाहुणे म्हणून हरण्यात घालवतात. ते हरले की यूटा व्हॅलीने एप्रिलमध्ये त्यांना कितीही चोपलं तरी उपयोग शून्य. थेट प्रवेश असता तर यातलं काहीच आड आलं नसतं.

मग कॉन्फरन्स फुटली कशी? सुरुवात दुसरीकडे झाली. 2010च्या उन्हाळ्यात वरच्या कॉन्फरन्सेसमध्ये खांदेपालट सुरू झाली आणि तिचे धक्के खालपर्यंत आले. बिग स्कायने डाव ओळखून 2010च्या शरदात कॅल पॉली आणि यूसी डेव्हिस यांना फुटबॉलसाठी, तर सदर्न यूटा आणि नॉर्थ डकोटा यांना सगळ्या खेळांसाठी घेतलं. साउथ डकोटाचं नावही बिग स्कायच्या यादीत होतं, पण काही दिवसांतच त्यांनी समिट लीग आणि (फुटबॉलसाठी) मिसुरी व्हॅली या कॉन्फरन्सेसची निवड केली. शेजारी राज्यांतल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळायला मिळणार म्हणून. नॉर्थ डकोटानेही तिकडेच जायला हवं होतं, भूगोल तेच सांगत होता. पण त्यांच्या संघांच्या फायटिंग सू या टोपणनावावरून (सू हे तिथल्या आदिवासींचं नाव) एनसीएएशी वाद चालला होता. स्थानिक आदिवासी जमातींपैकी स्पिरिट लेकची संमती होती, स्टँडिंग रॉकची नव्हती. वाद मिटल्याशिवाय समिट लीग त्यांचा विचार करेना. अखेर 2012 साली राज्यातल्या मतदारांनीच ते नाव सोडण्याच्या बाजूने कौल दिला, पण तोवर नॉर्थ डकोटाचं बिग स्कायमध्ये जाणं ठरून गेलं होतं. 2018 साली ते शेवटी समिट लीगमध्ये आलं. एका टोपणनावापायी सहा वर्षांचा वळसा.

2011 मध्ये साउथ डकोटा गेलं, फुटबॉलचा शेवटचा हंगामही तोच. 2012 मध्ये नॉर्थ डकोटा गेलं. बास्केटबॉलचे बारा सामने आधी दहावर आणि मग आठवर आले. आठ सामन्यांनी जानेवारी-फेब्रुवारी भरत नाही. ज्या एका कारणासाठी कॉन्फरन्स होती तेच संपलं.

शेवटचा घाव वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सने, म्हणजे वॅकने घातला. तीही बिचारी लुटली गेली होती. बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, नेवाडा, हवाई एकामागून एक निघून गेले, मग यूटा स्टेट आणि सॅन होजे स्टेटनेही पाय काढला, आणि 2012च्या हंगामानंतर वॅकने फुटबॉलच बंद केला. पण वॅककडे एक गोष्ट शिल्लक होती, बास्केटबॉलचा थेट प्रवेश. तो टिकवायला सदस्यसंख्या भरून काढायला हवी होती, आणि देशात फुटबॉल न खेळणारे, कुठल्याही अंतरावर यायला तयार असणारे पहिल्या श्रेणीतले संघ आयते कुठे मिळणार? ग्रेट वेस्टमध्ये. 2012च्या शेवटच्या तीन महिन्यांत वॅकने यूटा व्हॅली, टेक्सास–पॅन अमेरिकन आणि शिकागो स्टेट यांना घेतलं. ह्यूस्टन बॅप्टिस्टचं साउथलँड कॉन्फरन्समध्ये जाणं त्याआधीच ठरलं होतं. जी मान्यता ग्रेट वेस्टला वर्षानुवर्षं थांबूनही मिळाली नसती, ती या तिघांना सही करताच मिळाली. त्यांनी वेगळं काही करायला हवं होतं असं मला तरी वाटत नाही.

सातातला एक जण उरला. एनजेआयटी. 2012–13च्या शेवटच्या हंगामात ग्रेट वेस्टच्या साखळीत पहिला नंबर त्यांचाच होता, आठपैकी सहा विजय. आणि 1 जुलै 2013 पासून ते पहिल्या श्रेणीतल्या बास्केटबॉलमधलं एकमेव बेवारस कॉलेज. 51 पराभवांच्या वेळी कॉन्फरन्स नव्हती हे समजण्यासारखं होतं. आता संघ चांगला होता, तरी जागा नव्हती. 2014च्या डिसेंबरात त्यांनी ॲन आर्बरला जाऊन 17व्या क्रमांकावरच्या मिशिगनला 72–70 हरवलं आणि त्या मोसमात सीआयटीच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. 2015 साली अटलांटिक सन कॉन्फरन्सने त्यांना घेतलं. तिचे सदस्य फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसी, साउथ कॅरोलिनाकडचे. न्यूअर्कहून पुन्हा विमानं सुरू. ईशान्येतल्या, बसने जाण्याजोग्या अमेरिका ईस्टमध्ये त्यांना जागा मिळाली ती 2020 साली.

एक तांत्रिक गोष्ट सांगून थांबतो. 2011 पासून एनसीएएने पहिल्या श्रेणीत येऊ पाहणाऱ्या कॉलेजावर अट घातली की आधी एखाद्या मान्यताप्राप्त कॉन्फरन्सचं निमंत्रण आणा, मग अर्ज करा, आणि अर्जाचं शुल्क दहा लाख डॉलरच्या वर नेलं. नॉर्थ डकोटा स्टेट किंवा एनजेआयटी ज्या रस्त्याने आले, म्हणजे आधी वर यायचं आणि मग घर शोधायचं, तो रस्ता तेव्हापासून बंद आहे. प्रश्न असतील तर विचारा.